कच्चे तांदूळ खाणारी मुलगी आणि टॉनिकच्या चार बाटल्या

देवगड तालुक्यातल्या एका आईने विचारलं आहे: मुलगी चार वर्षांची, वजन १३ किलो. जेवायला बसली की तासभर घास तोंडात धरून ठेवते. मेडिकलवाल्याने एक मल्टिव्हिटॅमिन सिरप आणि एक कॅल्शियमचं सिरप दिलं, मुंबईहून आलेल्या नणंदेने गमीज (चघळायच्या व्हिटॅमिनच्या गोड गोळ्या) आणल्या, दुधात घालायची पावडर आहेच. सासूबाई म्हणतात, हे सगळं बंद कर आणि नाचणीची आंबील दे. धाकटा पाच महिन्यांचा, अंगावर पितो, त्याला काही द्यायचं का? आणि शेवटी जाता जाता एक ओळ: "मुलीला सुपातले कच्चे तांदूळ खायची सवय लागली आहे, ती कशी मोडू?"

ताई, तुम्ही लिहिलेल्यातली सगळ्यांत महत्त्वाची ओळ ती शेवटची आहे. गेली सव्वीस वर्षं मी राजापूर-लांज्याच्या पट्ट्यात लहान मुलं तपासते आहे. कच्चे तांदूळ, माती, भिंतीचे पोपडे, खडू, फ्रीजमधला बर्फ असं काहीतरी खाणारं मूल समोर आलं की मी आधी त्याची खालची पापणी ओढून बघते. आतला भाग लालसर गुलाबी दिसायला हवा. या मुलांमध्ये तो बऱ्याचदा फिकट, पाण्यात धुतल्यासारखा असतो. ही खोड नाही. शरीरात लोह कमी पडलं की अशी इच्छा होते, आणि भूक मरणं, चिडचिड, खेळताना लवकर दमणं हेही त्याच्याच जोडीने येतं. तिला ओरडू नका, मारू तर अजिबात नका. लोह भरलं की ही सवय बहुधा आपोआप सुटते.

आता गंमत बघा. घरात चार गोष्टी आल्या, पण तिला ज्याची गरज दिसते ते लोह त्यातल्या एकातही पुरेसं नसण्याची शक्यता आहे. मल्टिव्हिटॅमिनचं लेबल वाचा. अशा बहुतेक सिरपांत लोह नसतंच, किंवा नावापुरतं असतं. कॅल्शियम तर लोहाला आतड्यात शोषू देत नाही. पावडर दुधातून जाते, आणि दूध हे लोहाच्या बाबतीत जवळजवळ कोरडं. दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध पिणाऱ्या मुलांचं पोट दुधानेच भरतं, जेवण मागे पडतं आणि रक्त कमी होतं. मग आई म्हणते, जेवत नाही, निदान दूध तरी पिऊ दे. हे चक्र मी रोज बघते.

म्हणून आधी एक रक्ततपासणी करून घ्या. सीबीसी म्हणतात ती, ग्रामीण रुग्णालयातही होते. दोन ते पाच वर्षांच्या मुलात हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर ॲनिमिया, म्हणजे रक्त कमी. त्याच कागदावर एमसीव्ही म्हणून एक आकडा असतो, म्हणजे लाल पेशींचा आकार. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात. पण थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आईवडिलांकडून आलेला सौम्य रक्तदोष, असलेल्या मुलातही त्या लहानच असतात, आणि तिथे पेशींची संख्या मात्र भरपूर असते. तसं दिसलं, किंवा महिनाभर नीट लोह देऊनही हिमोग्लोबिन हललं नाही, तर थॅलेसेमिया ओळखायला एचपीएलसी नावाची तपासणी करावी लागते. वर्षभर लोहाच्या बाटल्या रिचवूनही रक्त तेवढंच राहिलेली मुलं मी पाहिली आहेत. कोणी हा कागद नीट वाचला नव्हता इतकंच.

लोहाची कमतरता नक्की ठरली तर उपचाराचा डोस वजनावर असतो: दर किलोला दिवसाला ३ मिलिग्रॅम, म्हणजे १३ किलोला साधारण ४० मिलिग्रॅम. हे मिलिग्रॅम 'एलिमेंटल', म्हणजे निव्वळ लोहाचे. बाटलीवर मोठ्या अक्षरात क्षाराचं वजन असतं आणि खाली बारीक अक्षरात एलिमेंटल किती ते. आपल्याला बारीक अक्षरातला आकडा हवा. महिनाभरात हिमोग्लोबिन निदान १ ने वाढायला हवं. ते ११ च्या वर गेलं की लोक थांबतात, आणि चूक तिथेच होते. रक्तात भरलं तरी साठा रिकामाच असतो. त्यानंतर आणखी दोन-तीन महिने द्यावं लागतं.

द्यायची रीत: दूध, चहा, कॅल्शियम यांच्यापासून तास-दोन तास लांब, शक्य तर लिंबूपाण्याबरोबर किंवा पेरूच्या फोडीबरोबर, कारण क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. शी काळी होईल, घाबरू नका. दातांवर डाग पडू नयेत म्हणून जिभेच्या मागच्या भागावर सोडा आणि वर पाणी पाजा.

चहाबद्दल मला थोडं कळकळीने लिहायचं आहे. आपल्याकडे सकाळी मुलाच्या हातात चहा आणि बटर किंवा चहा-बिस्कीट देतात. दीड वर्षाचं पोरही बशीतून चहा ओढतं आणि घरात सगळ्यांना त्याचं कौतुक. चहातलं टॅनिन डाळ-भाजीतलं लोह धरून ठेवतं, वर साखरेने भूक मरते. ज्या घरात मी फक्त एवढंच बदलू शकले, की मुलाचा चहा बंद आणि सकाळी घावणे किंवा आंबोळी, तिथे पुढच्या वेळी वजनकाट्यावर फरक दिसला आहे.

सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत, आणि हे त्यांना मानानेच सांगा. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधात १२० च्या आसपास. चार ते सहा वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२० च्या तक्त्याप्रमाणे ५५० मिलिग्रॅम. रोज एक वाटी आंबील, थोडं दूध किंवा ताक, आणि जवळ्यासारखं सगट खायचं काही ताटात असेल तर कॅल्शियमच्या सिरपची मला गरज दिसत नाही. नाचणीला मोड आणून, वाळवून दळलीत तर आणखी उत्तम. तिच्यातले क्षार धरून ठेवणारं फायटेट मोड आल्यावर कमी होतं. पण नाचणीने रक्त वाढतं हे मात्र आंबिलीच्या बाबतीत खरं मानू नका. लोह तिच्यात १०० ग्रॅमला साडेचार-पाच मिलिग्रॅम, आणि त्यातलं थोडंच अंगी लागतं. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ११ मिलिग्रॅम लागतं.

मग लोह कशातून? आपल्या किनाऱ्यावर हे विचारावं लागतं याचंच मला वाईट वाटतं. तिसऱ्या, मुळे, खुबे यांत लोह आणि बी-१२ दोन्ही भरपूर, आणि काटा नाही. कालवांइतकं जस्त, म्हणजे झिंक, तर दुसऱ्या कुठल्याही खाण्यात सापडणार नाही. तुम्ही लिहिलंय की काटा लागेल म्हणून मासे देत नाही. बांगडा उकडून मधला काटा काढा, बोटांनी कुस्करून बघा, मग मऊ भातात कालवा. जवळा नीट निवडून, कोरडा भाजून, चुरून आमटीत टाकला तर तिला कळणारही नाही. एकच सांभाळा: शिंपल्यांनी कधी अंगावर पित्त उठलं असेल तर नको. मासे न खाणाऱ्या घरात कुळथाची पिठी, मोडाची मटकी, काळ्या वाटाण्याची उसळ, आणि वर लिंबू पिळायचं विसरायचं नाही. शेवग्याचा पाला आपण गोकुळाष्टमीला आठवणीने करतो. तो दर आठवड्याला ताटात आला तर अ जीवनसत्त्वाची चिंताच नको.

रेशनच्या तांदळाबद्दलही बोलते. त्यात गेल्या काही वर्षांत काही दाणे थोडे वेगळे दिसत आले आहेत, पाण्यावर तरंगणारे, आणि प्लास्टिकचा तांदूळ म्हणून बायका ते निवडून फेकतात. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून बनवलेले दाणे आहेत ते, साधारण १०० किलोला एक किलो या प्रमाणात मिसळलेले. एका आजीने माझ्या टेबलावर पदराच्या गाठीतून असे वीस-पंचवीस दाणे सोडून दाखवले होते, निवडून जपून ठेवलेले, 'हे बघा काय देतत' म्हणत. नातवाचं हिमोग्लोबिन तेव्हा आठ होतं.

आता धाकटा. पाच महिने अंगावर पितोय, फार चांगलं. त्याला पाणी, गुटी, मध काहीही नको. मध तर वर्षापर्यंत नाहीच. पण ड जीवनसत्त्व हवं. पहिले सहा महिने आईचं दूध जवळजवळ सगळ्या बाबतीत पुरतं, या बाबतीत नाही. म्हणून जन्मापासून वर्षभर रोज ४०० युनिट द्यायचे, बाळ कितीही गुटगुटीत असो. तुम्ही लिहिलंय की दवाखान्यातून घरी येताना थेंबांची बाटली दिली होती, ती संपल्यावर परत आणली नाही. बहुतेक घरांत असंच होतं. आणा.

'आम्ही उन्हात धरतो की' असं सगळे म्हणतात. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत ऊन असतं कुठे? बाळंतिणीची खोली काळोखी, बाळ कुंचीत गुंडाळलेलं. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन उबदार असतं, पण ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण काच अडवते. पावसाळ्याच्या तोंडावर जन्मलेली बाळं दिवाळीनंतर माझ्याकडे येतात. मनगट हातात घेतलं की रुंद लागतं, जणू दोन हाडं एकावर एक ठेवली आहेत. दात उशिरा येतात, चालायला लागल्यावर पाय धनुष्यासारखे वाकतात. हा मुडदूस. नाव जुनं आहे, आजार गेलेला नाही.

थेंब आणताना मात्र लेबल दोनदा वाचा. काही बाटल्यांत १ मिलीला ४०० युनिट, काहींत १ मिलीला ८००. ड्रॉपर तोच दिसतो, डोस दुप्पट होतो. सोबत मिळालेला ड्रॉपर दुसऱ्या बाटलीला वापरायचा नाही.

एक प्रसंग सांगते, त्यानंतर मी ड जीवनसत्त्वाचं पाकीट लिहिताना हात आखडता घेते. अडीच वर्षांचा मुलगा, आठवडाभर उलट्या, शी घट्ट, सारखा पाणी मागतोय आणि सारखी लघवी. आधी एका ठिकाणी पोटाचं औषध झालं होतं. मी आईला म्हटलं, घरात जे जे देताय ते सगळं पिशवीत घालून आणा. तिने पिशवी टेबलावर ओतली. त्यात ६०,००० युनिटच्या पाकिटांची रिकामी पाकिटं होती, मी मोजली, अठरा. आठवड्याला एक लिहिलेलं पाकीट रोज एक असं गेलं होतं. दुधात गोड लागतं म्हणून मूल आवडीने घेत होतं. रक्तातलं कॅल्शियम १४ च्या वर. कोल्हापूरला पाठवलं, बरेच दिवस सलाईनवर राहिला, किडनी वाचली. चिठ्ठीवरचं अक्षर त्या आईला लागलं नव्हतं, आणि देताना कोणी तोंडाने सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मी पाकिटावर स्वतः पेनाने 'फक्त रविवारी' असं लिहून देते.

ब आणि क जीवनसत्त्वं जास्त झाली तर बहुतांशी लघवीवाटे जातात. मल्टिव्हिटॅमिन सुरू केल्यावर लघवी पिवळीधमक होते, ते हेच. अ आणि ड मात्र शरीरात साठतात. म्हणून दोन-तीन बाटल्या एकत्र चालू असतील तर अ आणि ड ची बेरीज करायची. तुमच्या घरातल्या सिरपात ड आहे, कॅल्शियमच्या सिरपातही असणार, गमीजमध्ये आहे, पावडरीतही आहे. कुणी त्यात माशाच्या यकृताच्या तेलाची (कॉड लिव्हर ऑइलची) गोळी घातली तर अ चीही भर.

अ जीवनसत्त्व सरकारी यंत्रणा देतेच: नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवराच्या लसीबरोबर १ लाख युनिट, मग सोळा-अठरा महिन्यांना २ लाख आणि पुढे दर सहा महिन्यांनी २ लाख, पाच वर्षांपर्यंत एकूण नऊ डोस. मुलीचं कार्ड काढून बघा किती झाले. राहिले असतील तर आशाताईंना सांगा. वेगळी बाटली नको.

मला खरं सांगायचंय ते हे, की ज्या औषधांची या मुलांना सर्वांत जास्त गरज आहे ती फुकट मिळतात, आणि फुकट मिळतात म्हणूनच कपाटावर पडून राहतात. ॲनिमिया मुक्त भारतच्या कार्यक्रमात सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला लोह आणि फॉलिक ॲसिडचं सिरप आहे: १ मिली, आठवड्यातून दोनदा, त्यात २० मिलिग्रॅम लोह. बाटलीलाच मापाचं झाकण असतं, दाबलं की एक मिली येतं. तुमच्या धाकट्याला सहा महिने पूर्ण झाले की ते सुरू करा. जन्मताना आईकडून आणलेला लोहाचा साठा तोवर संपत येतो. वेळेआधी जन्मलेल्या किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला त्याच्याही आधी लागतं, ते त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचं. ताप असेल तेव्हा थांबवा. मुलीला उपचाराचा डोस सुरू झाला तर हे सिरप तिला वेगळं नको. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना शाळेत आठवड्याला एक गुलाबी गोळी, पुढे दहा ते एकोणीस वर्षांना निळी. 'गोळीने मळमळतं' म्हणून मुलं ती खिशात घालून आणतात. जेवणानंतर घेतली की त्रास कमी होतो. पाळी सुरू झालेल्या मुलींच्या आयांनी याकडे फार लक्ष द्यावं.

जंताचं औषधही त्यातच. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमाराला अंगणवाडीत, शाळेत गोळी देतात. आपल्याकडे बागेत, परड्यात, शेणाच्या खळ्यावर पोरं अनवाणी असतात आणि माती ओली. अंकुशकृमी पायाच्या कातडीतून आत शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. वरून लोह ओतत राहिलात आणि खालून गळती चालू असेल तर काय उपयोग?

बी-१२ बद्दल हे माळकरी घरांसाठी. तुमच्या घरात मासे आहेत, म्हणून तुमच्या मुलांची भीती कमी. पण आईने वर्षानुवर्षं मासे-अंडी सोडलेली, दूधही चहापुरतं, आणि बाळ फक्त अंगावर, असं असेल तर आईच्या दुधातच पुरेसं बी-१२ नसतं. असं एक नऊ महिन्यांचं बाळ माझ्याकडे आलं होतं. सहाव्या महिन्यात हसणारं, मान धरणारं बाळ, आता नजर देत नव्हतं. केस विरळ आणि तांबूस, बोटांच्या पेरांवर काळपट डाग, अंग सैल. मतिमंद आहे असं घरच्यांनी धरलं होतं. बी-१२ ची इंजेक्शनं सुरू केली आणि चौथ्या दिवशी ते आईकडे बघून हसलं. वेळ गेली तर मेंदूवरचा परिणाम कायमचा राहू शकतो. म्हणून अशा आयांनी गरोदरपणातच बी-१२ च्या गोळ्या घ्याव्यात. माळ सोडायला मी कुणालाच सांगत नाही. रोज ताक-दही आणि गोळी एवढं सांगते.

जस्त फक्त जुलाबांत लक्षात ठेवा. पावसाळ्यात जुलाब लागले की ओआरएसबरोबर १४ दिवस: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०. चमचाभर पाण्यात गोळी विरघळते, लहान बाळासाठी आईच्या दुधात विरघळवा. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस पुरे करा. पुढच्या काही महिन्यांतले जुलाबही त्याने कमी होतात.

मीठ पाकिटातलं, आयोडीनचं. मिठागरातलं खडे मीठ मासे खारवायला, लोणच्याला वापरा. समुद्राचं आहे म्हणून त्यात आयोडीन असतं हा समज चुकीचा आहे, ते जवळजवळ नसतंच. आमटीत मीठ शेवटी घाला आणि बरणीचं झाकण बंद ठेवा.

पावडरीविषयी फार लिहीत नाही. तिच्यात मुख्यतः माल्ट आणि साखर. २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली विकू नका असं कळवलं, यावरून काय ते समजा. भूक वाढवायचं म्हणून मिळणाऱ्या काही सिरपांत मुळात ॲलर्जीचं औषध असतं. मूल पेंगतं, चार दिवस जास्त खातं, बंद केलं की पुन्हा पहिल्यासारखं. ते स्वतःहून आणू नका.

चार वर्षांच्या मुलीचं १३ किलो हे कमी बाजूला आहे, पण मर्यादेच्या आत. उंची मोजून अंगणवाडीच्या कार्डावर टाका. मागच्या वर्षीचा ठिपका आणि आजचा ठिपका जोडून रेघ वर जातेय का ते बघायचं. सपाट असेल तर मला ते वजनापेक्षा जास्त काळजीचं वाटेल.

तर आजपासून चारही बाटल्या-पावडरी बाजूला ठेवा. दूध दिवसाला दोन कपांच्या वर नको, चहा नको. सीबीसी करा, जंताची गोळी या खेपेला झाली होती का ते बघा. धाकट्याचे ड चे थेंब उद्याच सुरू करा. आणि मुलीच्या लोहाची बाटली घरात येईल तेव्हा ती फडताळात सगळ्यांत वर, कुलपात. ते सिरप गोड असतं, आणि लहान मुलाने अर्धी बाटली एकदम प्यायली तर जिवावर बेतू शकतं. गमीजची डबी नणंदबाईंना परत देता आली तर बघा. मुलं त्या चॉकलेट समजून मुठीने खातात.

रिपोर्ट आला की हिमोग्लोबिन, एमसीव्ही आणि लाल पेशींची संख्या हे तीन आकडे मला कळवा. लोह किती मिली द्यायचं ते तुमच्या हातातल्या बाटलीचं लेबल बघूनच सांगेन.